लिंबावरची अळी निर्दोष सुटली

सराफ आणि चोर सोडले, तर जळगावात दागिन्यांच्या डब्या माझ्याइतक्या कोणी उघडत नसेल. लाल मखमलीची डबी, आत गुलाबी कागद, टक्‌कन मिटणारं झाकण. मी ती मोठ्या आदरानं उघडते आणि आत बहुतेक वेळा पक्ष्याची विष्ठा निघते.

याला जबाबदार मीच आहे. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत मी झाडांचे रोग आणि किडी ओळखायचं काम करते. एक टेबल, एक भिंग, एक चिमटा आणि मागे पाटी: 'झाड-सल्ला. नमुना सोबत आणावा.' नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एका महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. मी आवेशात सांगितलं, "भगिनींनो, लिंबाच्या पानावर पक्ष्याची घाण दिसली तर पुसू नका! ती घाण नसेल. ती फुलपाखराची अळी असेल, आणि जीव वाचवण्यासाठी घाणीचं सोंग घेऊन बसली असेल!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून डब्या सुरू झाल्या.

एका बाईंनी तर डबीत खाली कापूस अंथरला होता. मी भिंगातून पाहिलं आणि म्हटलं, "ताई, ही खरीच विष्ठा आहे."

"नीट बघा ना मॅडम. काल हलली होती."

"वारा असेल."

"घरात होती हो!" मग जरा विचार करून, "बरं, पक्ष्याचीच आहे ना? पालीची नाही ना?"

म्हणून आता मी आधीच सांगते. पानावर थोडं पाणी शिंपडा. विष्ठा ओघळते, अळी ओघळत नाही. एवढं केलं तर माझ्या निम्म्या डब्या वाचतात.

बाकी ओळख अवघड नाही. लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. त्यातून निघणारी अळी काळपट तपकिरी, पाठीवर पांढरा डाग. हेच ते घाणीचं सोंग. चार वेळा कात टाकली की सोंग बदलतं आणि अळी हिरवीगार, बोटाएवढी होते. पुढचा भाग फुगीर, त्यावर डोळ्यांसारखे दोन ठिपके. ते डोळे खोटे. खरं डोकं खाली दडवलेलं असतं. गवताच्या काडीनं हळूच डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं ओलसर शिंग बाहेर येतं आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटतो. शिंग नारिंगी असेल तर बहुधा लिंबाचं फुलपाखरू. गडद लाल असेल तर त्याचा चुलतभाऊ, काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. दोघंही शेपटीवाल्या फुलपाखरांच्या घराण्यातले. त्यातल्या लिंबाच्या फुलपाखराला शेपटीच नाही. घराण्याचं नाव लावतं तेवढं. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही अळी माणसाला काहीही करत नाही. चावत नाही, डसत नाही, अंगावर केस नाहीत. शिंग, डोळे, वास हा सगळा निव्वळ प्रचार. रोपवाटिकेतल्या पाच पानांच्या रोपाला मात्र ती दोन दिवसांत काडी करून सोडते, हेही खरं. दहा वर्षांच्या झाडाला तिचा काही फरक पडत नाही. एवढं सांगून गिऱ्हाइकाला घरी पाठवायचं, हे माझं काम. पण गिऱ्हाईक ओळख विचारायला येतच नाही. ते शिक्षा विचारायला येतं.

धुळ्याजवळच्या एका खेड्यातले आबा महादेवाच्या देवळाचे विश्वस्त. लिंबाचं फुलपाखरू बेलावरही अंडी घालतं. आबा बेलाची अख्खी फांदीच घेऊन आले.

"मारानी नही शे, पोरी. सावन चालू शे, महादेवनं झाड शे," ते म्हणाले. "आशी दवाई दे, ती आपीआप बाजूना झाडवर चालनी जाई."

"बाजूनं झाड कोनं शे, आबा?"

"मन्हा भाऊनं."

अळीला भावाच्या झाडावर धाडणारं औषध अजून निघालेलं नाही. निघालं तर खान्देशात पहिल्याच हंगामात संपेल.

आमचे शेठ मारवाडी जैन. रोपवाटिकेला लागून त्यांचं औषधांचं दुकान आहे. स्वतः मुंगीला वाट देणारे. पण पर्युषणाचे आठ दिवस सोडले तर वर्षभर कीटकनाशकं विकतात. त्या आठ दिवसांत मात्र ते औषधांच्या कपाटाला कुलूप लावतात आणि किल्ली देवघरात ठेवतात. ऐन पावसाळा, झाडं अळ्यांनी भरलेली, दुकानात गर्दी, आणि शेठ हात जोडून सगळ्यांना सांगतात, "आठ दिवस थांबा. तोपर्यंत मॅडमकडून ओळख करून घ्या."

म्हणजे वर्षातले आठ दिवस माझं राज्य! पहिल्या वर्षी मी शेठना सुनावलं होतं, "आठ दिवस अहिंसा आणि बाकीचे दिवस फवारणी, हे तुमच्या तत्त्वात बसतं?"

शेठ रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, आठ तरी बसतात. तुझे किती बसतात?"

माझे मोजण्याऐवजी मी ते ढोंग आहे असं मनात ठरवून टाकलं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आठ दिवसांत मोठी अळी झाडावरून उतरते, कुठेतरी काडीला रेशमाचा कमरपट्टा बांधून कोष करते आणि गिऱ्हाइकाचा राग ओसरतो. नवव्या दिवशी कपाट उघडतं तेव्हा निम्म्या लोकांना मारायला काही उरलेलंच नसतं. एका कुलपानं वाचवलेल्या अळ्या माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त असतील. हे मान्य करायला मला चार वर्षं लागली.

मान्य करायला वेळ लागतो, कारण मी पत्रकांवर वाढले. धुळ्यात आमच्या घरी वडील पत्रकं काढत. नळाला पाणी नाही, पत्रक. शाळेला शिक्षक नाही, पत्रक. 'नागरिकहो, जागे व्हा!' हे मी 'कमळ बघ' याच्या आधी वाचायला शिकले. सत्य छापलं, दारोदार वाटलं, की माणसं बदलतात, असा आमच्या घरचा ठाम समज होता. ती बदलली नाहीत तर दुसरं पत्रक.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला बसले, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी पर्युषणाच्या दुसऱ्या दिवशी नाना माझ्या टेबलापाशी आले. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, महामार्गापलीकडच्या एका कॉलनीचे अध्यक्ष. कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी डबी उघडून समोर ठेवली. आत हिरवी, गुबगुबीत अळी. मी काडीनं डिवचलं. नारिंगी शिंग आलं. नाना खुर्चीसकट मागे सरकले.

"बघितलं? सापासारखी जीभ काढते!"

"लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे, नाना. निरुपद्रवी."

"निरुपद्रवी? आमच्या कॉलनीत पाच पोरांच्या अंगावर चट्टे उठलेत. रात्रंदिवस खाजवताहेत. आणि गेटजवळचं लिंबू या सापांनी भरलंय. ते झाड आमच्या माळ्यानं आणलंय, चोपड्याच्या पलीकडून, सातपुड्यातून. जंगलातलं झाड, जंगलातली अळी. रविवारी सभा आहे. झाड तोडायचं आणि माळ्याला काढायचं. तुम्ही फक्त विषारी आहे असं लिहून द्या."

"अहो, ही अळी जळगावातल्या प्रत्येक लिंबावर असते. आमच्या शेठच्या अंगणातल्याही."

"मॅडम, मी पस्तीस वर्षं प्लँटमध्ये काढली. फॉल्ट दिसला की सेक्शन बंद करायचा. चौकशी नंतर."

माळ्याचं नाव भावसिंग पावरा. वय पन्नाशीचं. सहा वर्षं त्या कॉलनीत काम, पंपाच्या खोलीत मुक्काम. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती. मी त्याच दिवशी संध्याकाळी कॉलनीत गेले. भावसिंगभाऊ नळी धरून उभे होते. मी अळीचं नाव सांगितलं तर म्हणाले, "हा. ही काय करत नाही. आमच्याकडं पोरं हिला हातावर चालवतात."

"मग पोरांना चट्टे कशानं?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नळी खाली ठेवली आणि मला कॉलनीच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे नानांच्या घराला लागून मोठा शेवगा होता. "खोडाकडं बघा. हात लावू नका."

मला आधी नुसती साल दिसली. मग ती साल हलली. खोडाला वीतभर रुंद गोधडी चिकटावी तशा केसाळ अळ्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. या अळ्यांच्या केसांनी अंगाला आग होते, चट्टे उठतात. आणि त्याच खोडाला नायलॉनची दोरी बांधली होती. तिच्यावर पाच घरांतल्या पोरांचे शाळेचे गणवेश वाळत होते.

"तुम्ही सांगितलं नाही कोणाला?"

"सांगितलं ना ताई. तीन वेळा सांगितलं. नाना म्हणले, तू झाडू मार." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "हा शेवगा अक्कांनी लावलेला. नानांच्या बायकोनं. अक्का गेल्या मागच्या वर्षी. तेव्हापासून नाना त्याला कात्री लावू देत नाहीत. शेंगा सगळ्या घरांत वाटतात, अक्का वाटायच्या तशा."

"मग आता?"

"आता तुम्ही रविवारी एवढंच सांगा, लिंबावरची अळी चावत नाही. शेवग्याचं नाव काढू नका. शेवग्याचं मी बघतो. नाना दोन दिवस भुसावळला पोरीकडं जातात, तेव्हा पहाटे चिंध्यांचा पेटता काकडा फिरवतो खोडावरनं. झाड साफ होतं, नाना खूश राहतात, मी पण राहतो."

पूर्ण सत्य, अर्ध्या आवाजात! माझं रक्त उसळलं. मी रोपवाटिकेत परतले आणि शेठना सांगितलं की मी पत्रक काढणार आहे.

शेठ जपमाळ बाजूला ठेवून म्हणाले, "बेटा, तुझं काम ओळख सांगायचं. निकाल द्यायचं नाही."

"अन्याय दिसत असताना गप्प बसायचं?"

"गप्प नको बसू. त्या माणसानं जेवढं मागितलं तेवढं दे."

त्यांनी जेवढं मागितलं होतं त्याच्या दहापट मी दिलं. शनिवारी सकाळी कॉलनीतल्या प्रत्येक दाराच्या फटीत माझं पत्रक होतं. मथळा: 'दोषी कोण? लिंबू की शेवगा?' खाली: 'नागरिकहो, विचार करा! लिंबावरची अळी निर्दोष आहे. मुलांच्या अंगावर उठलेल्या चट्ट्यांचं कारण शेवग्यावर आहे, आणि शेवगा कोणाचा हे सर्वांना ठाऊक आहे. श्री. भावसिंग पावरा हे वारंवार सांगत होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही, कारण ते माळी आहेत!'

मला ते वाक्य फार आवडलं होतं. शेवटचं उद्गारचिन्ह मी छापखान्यात उभी राहून टाकून घेतलं होतं.

रविवारी सभेत मला 'तज्ज्ञ' म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. मी अळी नेली होती. काडीनं शिंग काढून दाखवलं, मनगटावर चालवून दाखवली. पोरं पुढे धावली. एकाच्या आईनं, वर्षाताईंनी, नाकाला पदर लावून का होईना, अळीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, मऊ आहे की!" दोन मिनिटांत लिंबाचा खटला निकालात निघाला. झाड राहणार. चिटणीसांनी माझे आभार मानले. टाळ्यासुद्धा झाल्या. मी भावसिंगभाऊंकडे पाहिलं. ते गेटपाशी पाणी घालत होते. मी हसले. ते हसले नाहीत.

मग नाना उठले. हातात माझं पत्रक होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि 'शेवगा कोणाचा हे सर्वांना ठाऊक आहे' इथे त्यांचा आवाज बसला. खुर्च्यांवरची माणसं जमिनीकडे बघू लागली. त्या सगळ्यांनी अक्कांच्या हातच्या शेंगा खाल्ल्या होत्या.

"शेवग्यावर अळी असेल तर बघून घेऊ," नाना म्हणाले. "प्रश्न तो नाही. आपल्या कॉलनीतली गोष्ट बाहेर जाऊन छापून कशी आली?"

"आज अळीचं छापलं," चिटणीस म्हणाले, "उद्या कोणाच्या घरात काय चालतं ते छापतील. माळी सगळ्यांच्या दारात फिरतो."

मी उठले. "त्यांनी काही छापलेलं नाही! मी छापलंय!"

"बरोबर आहे, मॅडम. पण शेवग्याचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मी पाहणी केली. मला दिसलंच असतं."

"तुमच्या कागदावर तसं लिहिलेलं नाही," चिटणीस शांतपणे म्हणाले आणि मलाच माझ्या पत्रकातलं माझं आवडतं वाक्य वाचून दाखवलं. उद्गारचिन्हासकट.

वर्षाताई म्हणाल्या, "अहो, पण त्यानं खरंच तीन वेळा सांगितलं होतं. मलाही सांगितलं होतं. मीच दोरी हलवली नाही." त्यांच्या यजमानांनी त्यांना खाली बसवलं.

ठराव झाले. एक, लिंबाचं झाड कायम ठेवावं. दोन, लिंबावरील अळ्यांना कोणी मारू नये, मुलांना त्या दाखवाव्यात. तीन, कपडे वाळत घालायची दोरी शेवग्याऐवजी विजेच्या खांबाला बांधावी. यावर नानांनी सुरक्षेच्या कारणावरून हरकत घेतली आणि ती मान्य झाली. चार, कॉलनीची अंतर्गत बाब बाहेर नेल्याबद्दल माळ्याला कामावरून कमी करावं. यावर हरकत माझ्या एकटीची होती. मी कॉलनीत राहत नसल्यामुळे ती नोंदली गेली नाही.

झाड सुटलं, अळी सुटली, शेवगा सुटला. माझ्या पत्रकाला इतकं यश कधीच आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी शेठनी मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, "त्याला इथं ये म्हणावं. कामाला माणूस लागतोच." मी रिक्षानं कॉलनीत गेले. भावसिंगभाऊ पंपाच्या खोलीबाहेर बसून सामान बांधत होते. शेवग्याखाली जमीन काळी पडली होती आणि खोड स्वच्छ दिसत होतं.

"तुम्ही केलंत? काढून टाकल्यावर?"

"पोरं खाजवत होती ना," ते म्हणाले. "पहाटे नाना खाली आले. मला बघितलं काकड्यासकट. फांदी जळू देऊ नको, एवढंच म्हणले."

मी शेठचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. "तुमच्याकडं झाडं कुठं आहेत, ताई? पिशव्या आहेत. मला छाटायला झाड लागतं. जातो घरी. मका उभा आहे, बाई एकटी आहे." मग जरा थांबून म्हणाले, "तो कागद आहे का तुमच्याकडं? मला कोणी वाचून दाखवला नाही."

माझ्या पिशवीत उरलेल्या प्रती होत्या. मी वाचायला लागले. स्वतःचं पत्रक मोठ्यानं वाचणं एवढं जड मला कधी गेलं नव्हतं. 'श्री. भावसिंग पावरा' आलं तशी त्यांनी बोटानं मला थांबवलं.

"इथं माझं नाव कशाला घातलं?"

"तुम्हीच ओळखलंत म्हणून. तुमचं श्रेय तुम्हाला मिळावं म्हणून."

"मी मागितलं होतं का?"

"नाही."

"हां," ते म्हणाले. रागानं नाही. छाटण्याआधी फांदी जोखावी तसं. "चुकलं माझं, भाऊ," मी म्हटलं. माझ्या हातातल्या सगळ्या प्रती त्यांनी मागून घेतल्या, मांडीवर सरळ केल्या आणि छाटणीची कात्री आणि विळा त्यांत नीट गुंडाळून वरून सुतळी बांधली.

"एसटीत उघडं पातं घेऊ देत नाहीत," ते म्हणाले आणि पुडकं हातानं दाबून पाहिलं. "कागद चांगला जाड आहे, ताई. धार बाहेर येणार नाही."